माझी लेक धाकट्या जावेशी कोरियन बोलते

खरं सांगते, आज दुपारपासून माझा नुसता जळफळाट चाललाय.

माझी धाकटी जाऊ रेखा आणि माझी अकरावीतली लेक समू, दोघी हौस म्हणून मोबाईलवर कोरियन शिकतात. मीही एक परकी भाषा शिकायची ठरवलीय. पण मी निवडली फ्रेंच, कारण चारचौघांत सांगायला ती भारी वाटते.

आज जेवताना रेखा कोरियनमध्ये काहीतरी बोलली, तशी समूनं मिठाची वाटी तिच्याकडं सरकवली. मग समू काहीतरी बोलली आणि दोघी ठसका लागेपर्यंत हसल्या.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काय न्हाई आई. तुला न्हाई कळायचं."

ती सहजच बोलली, पण मी ताट अर्धवट टाकून उठले. हीच पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी मला सगळं सांगायची.

रेखाला ते कळलं असावं. भांडी घासताना म्हणाली, "ताई, तुमी बी शिका की आमच्यासंगं. लई सोपं हाय."

मी म्हणाले, "मला फ्रेंचच आवडती."

रागानं बोलले. पण आमच्या शिरूर कासारला माझ्याशी फ्रेंच बोलायला हाय कोण? आत्ता खोलीचं दार लोटून कोरियनची अक्षरं गिरवत बसलेय. रेखाला मात्र एवढ्यात सांगणार न्हाई.

तुमी भाषा निवडताना काय बघता, भाषा का ती बोलणारं माणूस?