नाक्यापर्यंतच तर जायचं होतं

हेल्मेट मी रोज घालायचो, पण डोक्यासाठी नाही, गेटसाठी. रबाळ्याच्या ज्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे तिथे औषधांची आणि बिस्किटांची खोकी छापतात. दुचाकीवरून येणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नसेल तर तिथला वॉचमन गेट उघडत नाही, मग तो कोणी का असेना. म्हणून बोनकोडे गावातल्या घरून निघताना मी हेल्मेट आरशाला अडकवायचो, आणि मोठा रस्ता लागला की डोक्यात घालायचो. येताना उलट. गावाची कमान दिसली की ते परत आरशावर. घाम यायचा, ऐकू कमी यायचं, आणि खरं सांगायचं तर उरलेले केस चपटे व्हायचे.

सुट्टीच्या दिवशी ते चपलांच्या रॅकवर पडून असायचं.

त्या रविवारी बायको म्हणाली, "अहो, नारळ नाहीये घरात. कोथिंबीर पण आणा."

नाका इथून दोन गल्ल्यांवर. चालत गेलो असतो तरी चाललं असतं. पण गाडी खाली उभी असली की माणूस चालत जात नाही. नारळ घेतला, कोथिंबीर घेतली, पिशवी हँडलला अडकवली आणि परत फिरलो. आमच्याच गल्लीत कुणीतरी गाडी धुतली होती, फरश्यांवर साबणाचं पाणी पसरलं होतं. समोरून एक कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं आणि मी पाठीवर पडलो. वेग म्हणाल तर सायकलचा. डोक्याची मागची बाजू गटाराच्या झाकणाच्या कडेवर आपटली. मला आवाज आठवतो, दुखलेलं आठवत नाही.

आमचे घरमालक ओट्यावर बसले होते. तळमजल्यावर ते राहतात आणि वरच्या मजल्यांवर आम्ही भाडेकरू. त्यांच्या वडिलांची इथे भातशेती होती. ती शेती नवं शहर वसवताना गेली, आणि राहत्या घराच्या जागी ही बिल्डिंग उभी राहिली. वय साठीच्या पुढे, पण बुलेट अजून एका किकमध्ये सुरू करतात. ते धावत आले. माझं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

"डोलं उगड. माज्याकडं बग. कोन मी, सांग."

मी सांगितलं म्हणे बरोबर.

हॉस्पिटलात टाके पडले, स्कॅन झालं, दोन दिवस ठेवून घेतलं. आत थोडी सूज होती, ती उतरेल म्हणाले. भेटायला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलला, थोडक्यात वाचलास. मलाही तसंच वाटत होतं. घरी आलो त्या सकाळी मी गॅलरीत बसलो, आणि बायकोने चहा आणून दिला.

एक घोट घेतला आणि म्हणालो, "आलं संपलंय का?"

"घातलंय की. भरपूर घातलंय आज, तुम्ही आलात म्हणून."

परत घोट घेतला. चहा गरम होता आणि गोड होता. बस, तेवढंच. कप नाकाशी नेला तर नुसती वाफ लागली. वाटलं, सर्दी असेल, औषधांनी तोंडाची चव गेली असेल. आंघोळीला गेलो, साबण हुंगला. टॉवेल हुंगला. बाहेर येऊन देवापाशी लावलेली उदबत्ती अगदी जवळून हुंगली, धुराने डोळ्यात पाणी आलं. वास आला नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई वाशीला बसायच्या. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि नाकाखाली एकेक बाटली धरत गेल्या. कॉफी, कापूर, आणखी काय काय. मी प्रत्येक वेळी नाही म्हणत होतो आणि बायको शेजारच्या खुर्चीत बसली होती. एका बाटलीला नाक झोंबलं, मी घाईघाईने म्हणालो, "हां, हे कळलं!"

"हे झोंबतं, त्याची नस वेगळी," त्या म्हणाल्या. "याचा वास कसला होता?"

मला सांगता आलं नाही.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नाकाच्या वर चाळणीसारखं एक हाड असतं, त्याच्या भोकांतून केसापेक्षा बारीक तंतू मेंदूकडे जातात. डोकं मागून आपटलं की मेंदू आत हिंदकळतो आणि ते तंतू तुटतात. कधी परत जुळतात, कधी नाही. वर्ष-दोन वर्षं वाट पाहायची.

"हेल्मेट असतं तर?" मी विचारलं.

"ठामपणे कुणी सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आपटणं आतपर्यंत इतकं पोचलं नसतं, असं मला वाटतं."

बायको तेव्हा खिडकीबाहेर बघत होती. घरी येईपर्यंत ती हेल्मेटबद्दल काही बोलली नाही, नंतरही कधी नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी नाकाचा व्यायाम सांगितला होता. लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरीचं तेल छोट्या डब्यांत ठेवायचं, आणि सकाळ-संध्याकाळ एकेक डबी नाकाशी धरून तो वास आठवायचा. आलाच पाहिजे असं नाही, पण आठवायचा. मी गॅलरीत बसून हे करायचो. समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांना वाटत असेल, हा माणूस काय करतो रोज. लिंबू मला आठवायचं. गुलाबही ओढूनताणून आठवायचा. मग पुढे पुढे मला शंका यायला लागली, की हे मला आठवतंय की मी नुसता शब्द मनात म्हणतोय.

कारखान्यात कुणाला खरं वाटेना. हात धड, पाय धड, टाक्यांवर केस आलेले. छपाईच्या हॉलमध्ये शाईचा आणि डिंकाचा इतका उग्र दर्प असतो की नवा माणूस आठवडाभर डोकं धरून बसतो. मी त्यात मोकळ्या मैदानात फिरावं तसा फिरायचो. कँटीनमध्ये एक जण म्हणाला, "साहेब, तुमची तर मजा आहे. नाल्याचा वास नाही, बाथरूमचा वास नाही. लकी आहात." सगळे हसले. मीही हसलो. आंधळ्या माणसाला कुणी लकी म्हणत नाही, आणि मी काही आंधळा नव्हतो, तेव्हा तक्रार तरी कसली करायची?

पण जेवण म्हणजे काम झालं. खारट, आंबट, तिखट, गोड एवढं जिभेला कळायचं. वांगं आणि भोपळा डोळे मिटून खाल्ले तर सारखेच. बायको गुहागरकडची, तिच्या हाताला मुळातच चव. ती ताट वाढून माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी म्हणायचो, छान झालंय. आधी ती खूश व्हायची. नंतर ती नुसतं "हं" म्हणायला लागली.

तिची आई आदल्या वर्षी गेली होती. जायच्या आधीच्या उन्हाळ्यात तिने कुटून पाठवलेला मसाला बरणीत तळाशी थोडा उरला होता. बायको तो वापरत नव्हती. एका रविवारी दुपारी मी जेवायला बसलो तर ताटात सुरमईचं कालवण, सोलकढी, भात. मी पहिला घास घेतला आणि सवयीने म्हणालो, "वा, छान झालंय."

तिने चमचा खाली ठेवला.

"काय छान झालंय?"

"कालवण."

"त्यात काय आहे सांगा बरं."

मी तिखट म्हणालो, मीठ बरोबर म्हणालो, नारळ म्हणालो. 

"आईचा मसाला होता," ती म्हणाली. "शेवटचा. म्हटलं, दोघांनी मिळून खाऊ."

"अगं, आधी सांगायचं ना."

"सांगून काय झालं असतं?"

ती रागावलेली नव्हती. राग असता तर मी भांडलो तरी असतो. थोड्या वेळाने, भात कालवता कालवता ती म्हणाली, "तिच्या हातचं खाल्लेले आपण दोघंच होतो या घरात. आता आठवायला मी एकटीच."

आम्ही दोघांनी ताटं संपवली. ती सावकाश खात होती, प्रत्येक घास तोंडात धरून. मी माझा घास गिळायचो आणि तिच्या तोंडाकडे बघायचो, जसं काही तिथे मला ते दिसणार होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दूध आणायला जातानाही हेल्मेट घालायला लागलो. आता घालून काही परत येणार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी घालायचो. गल्लीतून, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, पट्टा लावून. गावात हेल्मेट म्हणजे कुरिअरवाला नाहीतर परका माणूस. पोरं हसायची. घरमालक ओट्यावरून ओरडायचे, "अरं भाऊ, इत्तं दूध आनाला हेल्मेट कनाला? चंद्रावर चाललाव का?"

एकदा मी गाडी बंद करून त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, काका, तुम्हीपण घालत जा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना चष्मा लावून झोपायला सांगतोय.

"मना काय व्हनार हाय? यो माजा गाव हाय. या गल्लीन मी नागडा फिरलोय."

"मी पण याच गल्लीत पडलो ना."

"पन तुला तरी काय झाला? टाकं पडलं, बरं झालास."

मग मी त्यांना सांगितलं. चहाचं सांगितलं, मसाल्याचं सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज बदलला असावा, कारण ते हसायचे थांबले. त्यांनी विचारलं, "म्हंजे म्हावऱ्याचा पन वास नाय?"

"नाही."

"सुक्या बोंबलाचा?"

"नाही काका."

 ते म्हणाले, "आरारारा." आणि उठून आत गेले. माझा हेल्मेटचा मुद्दा तिथेच राहिला. ते आजही तसेच फिरतात, पांढरा शर्ट, उघडं डोकं, आणि त्यांना काहीही झालेलं नाही. देव करो आणि होऊही नये. एखाद्याच्या नशिबावर आपलं म्हणणं सिद्ध व्हावं अशी इच्छा करणं बरं नाही.

कँटीनमध्ये हा वाद अधूनमधून होतोच. दंडाची बातमी आली की हमखास होतो. तरुण मुलं म्हणतात, माझं डोकं, माझी मर्जी, सरकारला काय करायचंय? मीही हेच म्हणायचो, त्यामुळे त्यांना उत्तर देताना जीभ रेटत नाही. रस्त्यावरच्या पाट्यांवर कवटी असते, नाहीतर घरी वाट बघणारं कुटुंब असतं. म्हणजे एकतर मराल, नाहीतर घरी पोचाल. मी घरी पोचलो होतो. मला एवढंच सांगावंसं वाटतं, की माझ्या डोक्यात जे होतं ते सगळं माझं नव्हतं. माझ्या सासूच्या मसाल्याची अर्धी आठवण तिथे होती आणि ती माझ्या बायकोने विश्वासाने ठेवायला दिली होती. पण हे असं कँटीनमध्ये कसं बोलणार? मी म्हणतो, "घालत जा रे, बाबांनो," आणि डबा उघडतो.

वर्षभराने एका सकाळी लवंगेची डबी नाकाशी धरली आणि मी दचकलो. वास आला. मी बायकोला हाक मारली, ती पिठाच्या हातांनी धावत आली.

"कसला येतोय?"

"घाण. वायर जळल्यासारखा."

तिने डबी हुंगली. "लवंगच आहे हो ही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तंतू जुळताना चुकीचे जुळतात कधीकधी, पण लक्षण चांगलं आहे. बायकोने बहिणीला फोन करून सांगितलं, नाक परत येतंय म्हणून.  त्याला आता वर्ष होऊन गेलं. लवंग अजून वायरीसारखीच आहे, आणि बाकी कशाचा पत्ता नाही. घरात लवंग घालणं तिने बंद केलंय.

मध्यंतरी तिने एक सुरू केलं होतं. रविवारी आम्ही गाडीवरून खाडीच्या बाजूने फिरून यायचो. मी तिलाही हेल्मेट घेऊन दिलं होतं आणि ती कुरकुर न करता घालायची. मागे बसून ती मला वास सांगायची. "आता खाडी आली, चिखलाचा येतोय. ओहोटी असणार." "कुणीतरी भजी तळतंय." "इथे रातराणी आहे, दिसत नाहीये, पण आहे." मला ते आवडायचं. मी मान हलवायचो आणि तिने सांगितलेलं मनात उभं करायचा प्रयत्न करायचो.

पण गाडीवर, दोन हेल्मेटांतून, वाऱ्यात, किती ओरडणार? एकच वाक्य तीनदा सांगितल्यावर रातराणीतलं काय उरतं? तिने ठरवून बंद केलं नाही. एक रविवार राहिला, मग पुढचा राहिला. फिरायला आम्ही अजून जातो.

परवा कोपरखैरण्याच्या सिग्नलला थांबलो होतो. संध्याकाळची वेळ, रस्त्याच्या कडेला हातगाड्यांवर काहीतरी भाजत होते, धूर दिसत होता. मागे ती जरा हलली, पुढे वाकली, तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटला टक्कन लागलं. ती काहीतरी बोलली.

मी काच वर केली, मान वळवली. "काय म्हणालीस?"

तिने धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काही नाही," ती म्हणाली. "सुटला सिग्नल. चला."