आठ नंबरचं नाव

इनास गेल्याचा फोन शुक्रवारी सकाळी आला. सुट्टीचा दिवस, मी शारजातल्या आमच्या किचनमध्ये कांदे चिरत होतो. माझी मुलगी मुग्धा रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, समवन फ्रॉम वसई. ही इज क्राइंग." पलीकडे ग्लेन होता, इनासचा मुलगा. "अंकल, पप्पा गेले. काल संध्याकाळी. चर्चच्या मैदानावर पोरांची मॅच बघत होते, बसल्या जागीच..." आता खरं सांगतो, खरं सांगायलाच हा लेख लिहायला बसलोय. मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, ह्या पोराला कळलंय का? जाता जाता इनास काही बोलला का? जिवाभावाचा मित्र गेला आणि मला माझीच पडली होती. लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच झालं.

इनास दुबईतल्या आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा असिस्टंट कोच होता आणि मी त्याच कॉलेजच्या स्पोर्ट्स ऑफिसातला क्लार्क. वसईला चर्चच्या मैदानावर अनवाणी खेळून तो मोठा झाला, मग मुंबईत एका मिलच्या टीमकडून लेफ्ट बॅक खेळला. मिल बंद पडली तसा बायको-मुलाला वसईत ठेवून दुबईला आला, अल क्वोजच्या एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून. संध्याकाळी लेबर कॅम्पातल्या पोरांना जमवून गोदामांच्या मधल्या वाळूत खेळवायचा. आमचे मुदीर, म्हणजे डायरेक्टर, तिथल्या एका गॅरेजात गाडी दुरुस्तीला घेऊन गेले होते. गाडीला वेळ लागणार म्हणून खेळ बघत उभे राहिले. हा माणूस ओरडत नाही, नुसता हात हलवतो आणि अख्खी फळी सरकते, हे त्यांनी हेरलं. महिनाभरात इनास कॉलेजात. पण डिप्लोमा नाही, लायसन्स नाही, तेव्हा व्हिसावर धंदा तोच राहिला, स्टोअरकीपर. आणि स्टोअरकीपरला फॅमिली आणता येत नसे. ती एक ओळ बदलली असती ना, तर जॅसिंता वहिनी आणि ग्लेन पुढच्या विमानाने आले असते. अकरा वर्षं इनास त्या एका ओळीच्या मागे होता.

असिस्टंट कोचची नोकरी म्हणजे सगळ्या कामाचा हमाल आणि कशाचाच मालक नाही. बर्फाची पेटी, पट्ट्या, स्प्रे, कोणाचा गुडघा दुखतोय, कोणाला कितीचे बूट लागतात, रमझानात कोणाला उन्हात पळवायचं नाही, सगळं इनासने बघायचं आणि फोटोत हेड कोचच्या मागे अर्धा दिसायचा. हेड कोच येत आणि जात. एक इजिप्शियन, एक इराकी, एक इंग्रज. प्रत्येक जण येताना मनात स्वतःचा असिस्टंट घेऊनच यायचा. त्यामुळे जून आला, कॉन्ट्रॅक्टची वेळ आली, की इनासचं जेवण सुटायचं. "सावंत, मुदीर आज माझ्याकडे बघून हसले नाहीत रे," असं काहीतरी दिवसातून चारदा. मी वैतागायचो. "अरे, ते त्यांच्या बायकोकडे बघूनही हसत नाहीत!" मग तो हसायचा आणि पाच मिनिटांनी परत नख कुरतडत बसायचा.

त्याच्याकडे एक लांबोडकी हिरव्या पुठ्ठ्याची वही होती. प्रत्येक खेळाडूला एक पान, आणि मागे प्रत्येक मॅचच्या यादीला एक. पिवळं कार्ड मिळालं की पिवळ्या पेन्सिलीने चौकोन, दोन चौकोन झाले की तो पुढच्या मॅचला बाद, लाल रेघ. मॅचच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर बसायचा, वही उघडायचा आणि म्हणायचा, "वाच." मी टाइप केलेली यादी मोठ्याने वाचायची, त्याने प्रत्येक नावाला अंगठा टेकवायचा, मगच मी ती स्पर्धेच्या ऑफिसला फॅक्स करायची. कंटाळवाणं काम. पण सात वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

सातव्या वर्षी आमची टीम फायनलला गेली. इंग्रज कोच जूनमध्ये परत जाणार होता, आणि मुदीरांनी इनासला बोलावून सांगितलं होतं, कप आण, हेड कोच तू, कागदावरसुद्धा. कागदावरसुद्धा! इनासने माझ्या टेबलाशी येऊन हे दोनदा सांगितलं. त्याने कोणाला सांगू नको म्हणून बजावलं आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच सहा जणांना सांगितलं. वसईला वहिनींनी ग्लेनचा शाळेचा दाखला काढून ठेवला. मी इंडियन शाळेचा फॉर्म आणून दिला, तो त्याने वहीतच ठेवला, भरायला मात्र घाबरला. "कप येऊ दे आधी. इन्शाल्ला."

फायनल गुरुवारी. बुधवारी दुपारी चारला माझी बायको आणि मुग्धा येणार होत्या. तीन वर्षं कागद फिरवून मला फॅमिली व्हिसा मिळाला होता. नवीन घरात पडद्यांचे रॉड इनासने बसवले, फ्रिज आम्ही दोघांनी जिन्याने चढवला. स्वतःचं कुटुंब भिंतीवरच्या फोटोत, आणि हा माझ्या पोरीसाठी पलंगाचे स्क्रू आवळत होता. बुधवारी सकाळी मैदानावर जाताना त्याने मला चिठ्ठी दिली. आठ नंबर बाद, दोन पिवळी. मी ती शर्टाच्या खिशात ठेवली. दुपारी घड्याळाकडे बघत कॉम्प्युटर उघडला, मागच्या मॅचची यादी काढली, तारीख बदलली, समोरच्या टीमचं नाव बदललं... आणि फॅक्स करून टाकली. चिठ्ठी खिशातच. इनास घामाघूम होऊन दारात आला. "वाचायचं ना?" मी बॅग उचलत म्हणालो, "झालं, पाठवली. विमान उतरेल आता!" त्याच्या चेहऱ्यावर ती नेहमीची धाकधूक आली आणि त्याने ती गिळली, ते मी बघितलं. मग खिशातून चॉकलेट काढलं. "जा, जा, यल्ला. पोरीला दे." सात वर्षांत पहिल्यांदा यादी वाचली गेली नाही, ती माझ्यासाठी.

मॅच आम्ही जिंकलो. दोन-एक. आठ नंबरचा पोरगा मैदानावर आलाच नव्हता, साध्या कपड्यांत प्रेक्षकांत बसून सूर्यफुलाच्या बिया खात होता. पण त्या स्पर्धेचा नियम असा, की बाद असलेल्याचं नाव राखीव खेळाडूंत नुसतं छापलं असलं तरी सामना गेला. समोरच्यांनी शनिवारी तक्रार केली, सोमवारी कप परत मागितला. मला आठवतं, कपावर इनासने स्वतःच्या हाताने फडकं मारलं आणि तो खोक्यात भरून दिला.

मुदीरांनी दोघांना आत बोलावलं. माझ्या फाइलमध्ये आधीच दोन वॉर्निंग लेटर होती. तिसरं म्हणजे व्हिसा रद्द आणि महिन्याभरात देश सोडायचा, हे मला ठाऊक होतं. घरी मुग्धाच्या बॅगा अजून उघडल्या नव्हत्या. मुदीरांनी यादी टेबलावर आपटली. "हू?" मी तोंड उघडलं, शपथेवर सांगतो उघडलं, पण आवाज निघायच्या आत इनास बोलला. "सर, माय मिस्टेक. आठ नंबर का नाम मैंने नहीं काटा." मुदीरांनी वही मागितली. "खो गया, सर." वही त्याच्या खांद्यावरच्या बॅगेत होती. पुठ्ठ्याचा हिरवा कोपरा मला दिसत होता. मी तो कोपरा बघत उभा राहिलो आणि गप्प बसलो.

बाहेर व्हरांड्यात मी त्याचा हात धरला. "इनास, हे काय केलंस? आत चल, मी सांगतो." तो माझ्याकडे बघेना. "तुझी पोरगी आत्ता कुठे आलीय. तिला परत विमानात बसवणारेस? मी राहिलो सात वर्षं एकटा, अजून दोन राहीन. खलास." मी तेवढ्यावर सुटलो. आत चल म्हणालो होतो, पण पाऊल टाकलं नव्हतं. मुदीरांनी त्याला काढलं नाही, त्याच्याइतकं काम कोण करणार? पण हेड कोच म्हणून जूनमध्ये दुसरा इजिप्शियन आला आणि शाळेचा फॉर्म वहीत कोराच राहिला. त्या दोनाची चार वर्षं झाली. पुढच्या प्रत्येक मॅचच्या आदल्या दिवशी इनास समोर बसायचा आणि तेच म्हणायचा, "वाच." मी वाचायचो आणि आतून जळायचो. वाटायचं, मुद्दाम करतोय, टोचतोय मला. एकदा चिडून म्हणालोसुद्धा, "दिसतंय ना नीट, कशाला वाचायचं?" तो शांतपणे म्हणाला, "वाच रे, सावंत."

सुट्टीवर निघालो की त्याचं पार्सल मी वसईला पोचवायचो. दूधपावडर, खजूर, ग्लेनचे बूट. एका खेपेला जॅसिंता वहिनींनी जेवायला बसवलं. ग्लेन तेव्हा बारा वर्षांचा. एकदम म्हणाला, "पप्पांनी एक नाव कापलं असतं तर आम्ही पण दुबईला असतो. हो ना, अंकल?" मी काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणालो, "वहिनी, पापलेट मस्त झालंय." हे मी म्हणालो. वहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताटात आणखी एक तुकडा वाढला. त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला मला वाटायचं, आज पोरगा पुन्हा विचारणार. चहा पिता पिता माझी नजर दाराकडे असायची. मागच्या वर्षी इनासला कॉलेजने निरोप दिला, असिस्टंट कोच म्हणूनच. तो कायमचा घरी गेला तेव्हा, देवा, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्याला जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी वसईला गेलो. मिस्सा संपली, पाहुणे पांगले. वहिनींनी आतून त्याची बॅग आणून माझ्यासमोर ठेवली. शिट्टी, अर्धवट गुंडाळलेली क्रेप पट्टी, संपलेला स्प्रे, आणि तळाशी हिरवी वही. मी ती उघडली नाही. म्हणालो, "वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय. ती यादी..."

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या. "कप परत गेला त्याच आठवड्यात फोनवर सांगितलं त्याने. म्हणाला, सावंतला विचारू नकोस, तो आपणहून बोलेल. सुट्टीवर आला की बोलेल." त्या पदराने बॅगेवरची धूळ पुसत होत्या. "म्हणून तुम्ही आलात की मी चहा जरा सावकाश ठेवायची."

चार वर्षं ही बाई माझ्यासाठी चूल मंद करून वाट बघत होती आणि मी घाईघाईने कप रिकामा करून पळत होतो. तो समोर बसून वाच म्हणायचा, ते कशासाठी म्हणायचा, ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. मी ओक्साबोक्शी रडलो. वहिनी रडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? पोराला ठाऊक नाही. तो अजून बापालाच बोल लावतो."

ग्लेन अंगणात खुर्च्या एकात एक रचत होता. मी हाक मारली. तो आला, समोर बसला, इनास बसायचा तसाच, कोपरं गुडघ्यांवर. मी फायनलचं पान काढलं. शाळेचा कोरा फॉर्म तिथेच घडी करून ठेवलेला होता. "अंकल, काय आहे हे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "अंगठा ठेव प्रत्येक नावावर. मी वाचतो." आणि एकापासून सुरुवात केली. सातापर्यंत आवाज बरा होता. आठ नंबरवर लाल रेघ होती, ठळक, दोनदा ओढलेली, आणि शेजारी इनासच्या बारीक अक्षरात तीन शब्द. ग्लेनचा अंगठा तिथे येऊन थांबला. मी ते मोठ्याने वाचले.

"बाद. सावंतला सांगितलं."