साळ्याचं एन्झाइम

काम अर्धवट ठेवण्यात माझ्या साळ्याचा हात धरील असा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही. राहतो आंधळगावला, जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. माझी बायको गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला मांडव घालायला म्हणून हा वरठीला आला. मांडव उतरला, सतरंज्या गेल्या, पाहुणे पांगले, तरी हा आपला माझ्या आरामखुर्चीत ठाण मांडून! बहीण याची गेली, बायको माझी गेली, हे कबूल. पण म्हणून खुर्ची बळकावायची?

बरं, तोंड तरी बंद ठेवावं! याचा सगळा जीव एका एन्झाइमवर. पेशीत प्रोटीन बनवणारं यंत्र म्हणजे रायबोसोम, हे मी आता झोपेतसुद्धा सांगेन. ते यंत्र जुळत असताना म्हणे हे एन्झाइम त्याच्या अर्ध्याकच्च्या भागाला येऊन चिकटतं. भजं दोन बोटांच्या बेचक्यात धरून हा मला त्याची रचना दाखवणार: दोन भाग, मधे खाच, काम त्या खाचेत.

"ते बसलं हाये तोवर कच्चा भाग कामाले लागत नाही, भाऊजी. भाग तयार होत आला का दोन जागी बारीक खूण लावते अन् सुटून जाते."

"मग तू काहून सुटून नाही जाऊन राहिला?" मी कडाडलो.

"खूण लावता नाही आली तर ते चिकटूनच राह्यते ना! माह्यं काम कुठी झालं?" असं म्हणून त्याने भजं गिळलं.

काम कसलं, तर स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या बिजागरीचा एक स्क्रू! बाकीचे सगळे लावले आणि एक ठेवला उद्यावर. कारखान्याची शिफ्ट सुटून मोटारसायकली गेल्या की ती खिडकी अशी खडखडायची की माझं डोकं भणभणायचं. स्वयंपाकातही तेच. अर्धा कांदा चिरून उरलेला माझ्यापुढे सरकवणार, पोळ्या लाटून तव्यापाशी मला उभं करणार. ही गेल्यापासून मी त्या खोलीत पाय ठेवत नव्हतो, आणि या गृहस्थाने मला तिथे राबायला लावलं! संताप संताप व्हायचा नुसता.

एका सकाळी चिडूनच उठलो आणि त्याला हात लावू न देता वरण-भात केला. तो जेवला. मग उठून स्क्रू लावला आणि पिशवी उचलली.

"जमलं तुमचं, भाऊजी. येतो. जय भीम."

गेला. खुर्ची मोकळी झाली. संध्याकाळी शिफ्ट सुटली, मोटारसायकली गेल्या, पण खिडकी हूं की चूं करेना. वरण मी सवयीने दोघांपुरतं करून बसलो होतो.

उठलो, पेचकस घेतला आणि स्क्रू काढला. मग त्याला फोन लावला.

"अबे, कसलं काम केलंस! खिडकी पुन्हा वाजून राहिली. ये लवकर."