दहा दिव्यांचा डबा

“आई, या डब्याच्या भरवशावर गॅरेज चालते का?” विलास चढ्या आवाजात विचारून राहिला होता. विलास माझा मुलगा. मनीषनगरात फ्लॅट आहे त्याचा. गॅरेज विकत घेणारा माणूस त्यानं सोबतच आणला होता, बाहेर गाडीत बसवून. गॅरेज माझ्या नावावर, म्हणून मला विचारणं भाग. मी म्हटलं, आधी डब्याचं ऐक. जरीपटक्यात गाड्यांना गॅसकिट बसवता बसवता आमच्याकडे किस्से तेलकट चिंध्यांसारखे साचलेत. कामाचे नाहीत, पण फेकवत नाहीत.

*

यांचे, म्हणजे विलासच्या बापाचे, कान गेले तिथून सुरुवात. इंजिनाचा आवाज ऐकून गॅस कमी-जास्त करायचा स्क्रू लावणारा माणूस. एका सकाळी बॉनेटवर वाकले, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, “कर गा आता चालू.”

गाडी केव्हाची चालू होती.

*

डबा मी केला, व्हिडिओ पाहून. शाळा सातवीतच सुटली होती. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो; त्यावरून गॅस कमी की जास्त ते कळतं. त्याच्या तारेला सर्किट लावून दहा दिवे जोडले. पिवळे म्हणजे कमी, लाल म्हणजे जास्त, मधले हिरवे म्हणजे बरोबर.

पार्टच्या दुकानात पोरगा विचारतो, “आजी, नातवाचा प्रोजेक्ट काय?”

“नवऱ्याचे कान करून राहिली. तयार आहेत का तुह्याकडे?”

*

सेन्सर तापल्याशिवाय खरं सांगत नाही. पहिल्याच दिवशी थंड गाडीवर पिवळा दिवा दिसला आणि हे स्क्रू उघडत सुटले. मी ओरडतेय, थांबा, तापू द्या. कोणाला ओरडतेय? गाडी गॅस पिऊन बंद पडली.

“तुह्या डब्याचेही कान गेले वाटते वं,” म्हणाले.

*

खरी आफत वेगळीच. इंजिन ऐकताना डोळे मिटायची यांची जन्माची सवय. समोर दिवे लागलेले, आणि हे डोळे मिटून स्क्रू फिरवताहेत! किती सांगितलं, हात स्क्रूवर गेला की डोळे मिटणारच. आता दिवे मी पाहते. यांच्या खांद्यावर हात ठेवते; दाबला की कमी करायचं, थोपटला की वाढवायचं, उचलला की थांबायचं.

विलासनं नेमकं हेच धरलं. “म्हणजे काम तूच करून राहिली. बाबांले काहून राबवते? फ्लॅटवर आरामात बसतीन.”

बाहेर तो माणूस हॉर्नवर हॉर्न देत होता. आत हे गाडीवर वाकलेले, डोळे मिटून, माझ्या हाताची वाट पाहत.

मी विलासला म्हटलं, “जा, गॅरेज विकून राहिलो म्हणून तुह्या बापाले सांग, त्यायले ऐकू आलं तर आत्ताच देऊन टाकते.”