यमुनाताई तापाने गेली नाही

“बाई तापानं गेल्या,” असा निरोप घेऊन भाऊजींचा गडी गोंदियाला मी शिकवते त्या शाळेत आला. ताप! माझी थोरली बहीण यमुना स्तनाच्या कॅन्सरने गेली. महिना उलटला तरी तिच्या सासरी तो शब्द कोणी तोंडातून काढत नाही, म्हणून मीच लिहिते आहे.

तिचं सासर बोदलकशाच्या तलावाजवळ, धानाच्या शेतीचं भरलं घर. रोवणीत, धानाची रोपं लावताना, बायांच्या ओळीत ती नेहमी पुढे. एकदा आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली. शेंगदाण्याएवढी, टणक, न दुखणारी. तिने लपवलं नाही, सासूला लगेच सांगितलं. सासू म्हणाली, “दुधाची गाठ असंल. दुखत नाई ना? मंग कायले बोभाटा करतं?” दुधाची म्हणे! धाकटा मुलगा तेव्हा शाळेत जात होता. दवाखान्याचं नाव काढलं की भाऊजी म्हणायचे, “परका मानूस हात लावंल. लोक काय म्हनतीन?” जवळच्या तिरोड्याहून नागपूरची गाडी रोज सुटत होती आणि ताई घरात गाठीवर लेप वाळवत बसली होती... काखेत दुसरी गाठ आली, छातीची कातडी आत ओढली गेली, तेव्हा मी तिला न्यायला गेले. भाऊजी दारात आडवे आले. ताई म्हणाली, “सरका. मी मरून राहिली अन् तुमाले लोकांची पडली.”

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, “इतके दिवस का थांबलात?”

“दुखत नव्हतं,” मी म्हटलं.

“सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. म्हणून तर गाठ लागली की लगेच दाखवायचं.”

त्यांनी स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, मग किरणांचे शेक दिले. रोग पुन्हा उलटू शकतो, हेही ताईला तोंडावर सांगितलं. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असंही सांगितलं होतं. तरी घरी परतल्यावर सासूने तिचं ताट वेगळं केलं.

ताई भांडली नाही. पुढच्या रोवणीला बांधावर बसून तिने बायांना बोलावलं आणि पदर बाजूला करून छातीवरचा व्रण दाखवला. “पाहा. गाठ लागली तं लाजू नका. दुखत नाई म्हनून बसू नका.” काही जणी तोंड फिरवून गेल्या. संध्याकाळी भाऊजींनी भर अंगणात तिला निर्लज्ज म्हटलं.

मग रोग हाडांत उतरला. कूस बदलतानाही ती ओरडायची...

तेरवीला भाऊजी आल्यागेल्याला तापाचंच सांगत होते. मी सगळ्यांदेखत त्यांना खोटं पाडलं आणि ताईच्या खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळाने शेजारची धुरपता आली. दार लोटून तिने माझा हात आपल्या छातीवर ठेवला. चोळीखाली लहानशी गाठ होती.

“यमुनाबाईनं सांगतलं होतं. मले नागपूरले नेता काय?”

“घरी विचारलंस?”

“नाई. अन् विचारत बी नाई.”

बाहेर पंगत बसली होती. आम्ही दोघी त्या पंगतीमधूनच चालत स्टेशनकडे निघालो.

गेल्या आठवड्यात धुरपताचं ऑपरेशन झालं. काखेत काही सापडलं नाही. “वेळेवर आलात,” डॉक्टर तिला म्हणाले. तिचा हात माझ्या हातात होता. मला आनंद झाला, आणि संताप असा उसळला की मी व्हरांड्यात जाऊन भिंत धरून उभी राहिले.