पाहुण्यासमोरचा मास्क

देगलूरच्या गुरुजींनी मला फसवलं. तेही माझा मान राखून.

गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. झोपेत त्यांचा घसा मिटायचा, श्वास अडकायचा. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रात्रभर झोपमोड, म्हणून दिवसा डुलक्या. अशाच एका डुलकीत ते मोटरसायकलसकट नाल्यात गेले. तेव्हापासून गाडीची किल्ली त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या कमरेला, आणि गुरुजींचं शेतावर जाणं बंद.

नांदेडहून मी या आजारावरच्या मशीन पुरवतो. मशीन मास्कमधून हवा ढकलते आणि घसा उघडा ठेवते. किती जोरानं ढकलायची, ते प्रेशर. ते डॉक्टर ठरवतात. मी मशीन बसवतो आणि रोजचा रिपोर्ट मोबाइलवर बघतो.

देगलूरला जाऊन मास्क लावला. गच्च बसला. सकाळी रिपोर्ट बघतो तर लीकेज, म्हणजे मास्कच्या कडेनं हवा पळालेली. श्वास अडकणं होतं तसंच.

मी डॉक्टरांना फोन लावला. "सर, प्रेशर दोननं वाढवा."

"आधी मास्क बघा."

"बघितला. दीडनं तरी?"

"ही काय मोंढ्यातली धान्याची बोली आहे का?"

शेवटी एकवर जमलं. सौदा जिंकल्याच्या आनंदात मी चहा मागवला.

प्रेशर वाढलं, तसं लीकेजही वाढलं. हवा पोटात जाऊन गुरुजी फुगले. काकूंचा फोन आला. "भाऊ, हे रातभर शिट्टी वाजवून राहिलेत. घिऊन जा तुमची मशीन."

परत गेलो. गुरुजी इस्त्रीच्या शर्टात तयार. मास्क गच्च, लीकेज नाही. माझं डोकं फिरलं. "काकू, रात्री पट्टा तुम्हीच नीट बांधत नसणार."

"हाव! जल्मभर ह्यांना बांधून ठेवलं, पट्टा तेवढा जमंना व्हय?"

तिसऱ्यांदा न कळवता गेलो, भांडायच्या तयारीनंच. ओसरीवर आडवे झालेले गुरुजी मला बघताच तोंडावर टॉवेल धरून आत पळाले.

"थांबा भाऊ," काकू म्हणाल्या, "दात लावून राहिलेत. पाहुण्यासमोर बिनदाताचे येत न्हाईत ते."

कवळी! झोपताना ती काढली की गाल आत जायचे आणि मास्कला टेकायला जागा उरायची नाही. ज्या चेहऱ्याला मी मास्क बसवला होता, तो चेहरा रात्री झोपतच नव्हता.

गुरुजी माझ्यासमोर दात काढायला तयार होईनात. बरीच घासाघीस झाली. मी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असं ठरलं. दुसऱ्या मापाचा मास्क काकूंच्या हातात दिला आणि भिंतीला सूचना देत राहिलो. "वरचा पट्टा ढिला करा. खालचा ओढा. नीट बसला की हिरवी खूण येईल."

"हिरवी खूण आली बगा मशीनवर!"

प्रेशर डॉक्टरांनी पहिल्याइतकं केलं. लीकेज थांबलं, श्वास सुरळीत झाला, डुलक्या गेल्या. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर काकूंनी किल्ली सोडली.

मी धडा घेतला: मास्कचं माप झोपायच्या चेहऱ्याचं घ्यावं. मग कंपनीच्या साहेबांना फोन केला. दोन दिवस हॉटेलात बसवून ट्रेनिंग दिलंत, त्यात दात हा शब्द का नव्हता?

"अहो, तो कॉमन सेन्स आहे."

साहेब, तो माझ्याकडे नाही, हे मशीन विकायला देताना तुम्ही तपासलं का नाही? द्या उत्तर.