हवालदार आणि उन्हातल्या गाड्या

कचेरीच्या आवारात मोटार येऊन थांबली आणि आतली माणसं उतरून गेली, की हवालदार तिच्याजवळ जात आणि उलटा हात तिच्या टपावर ठेवत. घरात पोराला ताप आहे का हे आई बघते, तसा. मग काचेला नाक लावून आत बघत. आत कुणी नसेल, तर परत येऊन आपल्या स्टुलावर बसत. बहुतेक वेळा आत कुणी नसेच.

हे मी साताऱ्यातल्या एका सरकारी कचेरीबद्दल सांगतो आहे. काळ एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराचा. मी तिथे आवक-जावकला नवा कारकून होतो आणि हवालदार फाटकावर पहारेकरी. हवालदार हे त्यांचं नाव नव्हे. पलटणीतून ते नाईक म्हणून निवृत्त झाले होते. वरची बढती आमच्या कचेरीने तोंडी दिली होती. खरं नाव मस्टरवर होतं आणि ते तिथेच राहिलं.

हवालदार गाड्यांत कुत्री शोधत.

त्या काळी साताऱ्यात मोटारी मोजक्या होत्या आणि मोटारीतून हिंडणारी कुत्री त्याहून मोजकी. आमच्या आवारात असं कुत्रं उन्हाळाभरात दोनदा-तीनदा येई. पण हवालदारांची तयारी बारमाही. स्टुलाशेजारी पाण्याचा डेरा असे. त्यावर एक पेला माणसांसाठी आणि खाली एक पसरट जर्मलची थाळी, ती माणसांसाठी नव्हे. आवारात चिंचेचं एकच मोठं झाड होतं. त्याची सावली कुठल्या वेळी कुठवर जाते, याच्या रेघा त्यांनी चुन्याने जमिनीवर आखल्या होत्या. एका रेघेशी ‘११’, दुसरीशी ‘१२’, तिसरीशी ‘१’. मेढ्याहून बदलून आलेल्या हेडक्लार्कांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हा कोणता खेळ खेळता तुम्ही लोक.

“सावली सरकती, सायेब,” हवालदार म्हणाले. “गाडी सरकत न्हाई.”

हेडक्लार्क रेघ ओलांडून आत गेले.

हे वाक्य हवालदार सगळ्यांना ऐकवत. ड्रायव्हरांना, वकिलांना, एकदा एका मंत्र्यांच्या स्वीय सहायकालाही. सगळे हसत आणि आत जात. एका डॉक्टरांची बायको पांढरं केसाळ पॉमेरेनियन घेऊन आली होती. त्याला फियाटमध्ये ठेवून ती उतरू लागली, तसे हवालदार दाराशी उभे राहिले.

“दोनच मिनिटांचं काम आहे,” बाई म्हणाल्या.

“कचेरीत दोन मिन्टाचं काम नसतंय, बाईसायेब.”

“काच चार बोटं खाली ठेवलीय मी.”

“चार बोटांनी काय हुतंय? आवं, कुत्र्याला आपल्यागत घाम न्हाई. त्येची जीभ हाच त्येचा पंखा. आतली हवाच तापली, तर त्यो पंखा काय करंल?”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग कुत्रं काखेत मारलं आणि आत आल्या. काम दीड तास चाललं. तेवढा वेळ ते कुत्रं माझ्या टेबलावर, आवक रजिस्टरवर बसून होतं. त्या दिवशीचं टपाल मी दुपारनंतर चढवलं. दारातून हवालदारांनी एकदा डोकावून बघितलं आणि समाधानाने निघून गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

आम्ही तरुण कारकून त्यांची थट्टा करत असू, हे लपवण्यात अर्थ नाही. कुणीतरी मुद्दाम हाक द्यायचं, “हवालदार, त्या जीपमध्ये कुत्रं आहे हो.” ते उठून जायचे. बघून यायचे. “न्हाई,” एवढंच म्हणून बसायचे. दुसऱ्या दिवशी तीच हाक दिली तरी उठून जायचे. चौथ्या दिवशी थट्टा करणाऱ्यालाच कंटाळा आला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांची चेष्टा करता येते, पण ती फार दिवस टिकत नाही.

मग तो एप्रिलमधला दिवस आला.

त्या दिवशी टेंडरं उघडायची होती. सांगलीचे एक मोठे कंत्राटदार काळ्या अँबॅसॅडरमधून सकाळी अकराच्या सुमाराला आले. बरोबर त्यांचा अल्सेशियन होता. हवालदार तेव्हा फाटकावर नव्हते. हेडक्लार्कांनी त्यांना टपाल घेऊन बाहेर पाठवलं होतं. ड्रायव्हरने गाडी चिंचेच्या गर्द सावलीत लावली. मागच्या सीटवर नकाशे आणि कागद होते, ते उडू नयेत म्हणून काचा वर केल्या. किल्ली मालकांच्या हातात दिली आणि मालकांच्या परवानगीने तो जेवायला गेला. यात कुणाचीच काही चूक दिसत नव्हती. अकरा वाजता तर नव्हतीच.

हवालदार परतले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. मी व्हरांड्यात पाणी प्यायला आलो होतो. ते सवयीने गाडीकडे गेले, टपावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. मग काचेतून बघितलं.

“भाऊसायेब,” त्यांनी मला हाक मारली. आवाज नेहमीचाच होता. “आतनं चावी आना.”

मी जवळ गेलो. कुत्रं मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेत आडवं झालं होतं. जीभ बाहेर, तोंडाला फेस, आणि पोट इतक्या भराभर हलत होतं की ते मोजता आलं नसतं. आमच्याकडे त्याने बघितलं नाही.

मी धावत साहेबांच्या दालनापाशी गेलो. दाराशी शिपाई बसला होता. “टेंडरं चालू हायती. कुणाला सोडायचं न्हाई म्हनलंय,” तो म्हणाला. मी म्हणालो, जरा निकडीचं आहे. तो म्हणाला, सगळ्यांचंच असतं, बसा.

आणि मी बसलो.

हे मी आज लिहितो आहे म्हणून सरळ लिहितो. दार उघडंच होतं, नुसता पडदा होता. आत कंत्राटदारांचा आवाज ऐकू येत होता. दोन पावलांचं काम. मला नोकरी लागून आठ महिने झाले होते आणि अजून कायम व्हायचं होतं. मी बाकावर बसून पडद्याकडे बघत राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग उठून बाहेर आलो.

“चावी?” हवालदारांनी विचारलं.

“मीटिंग चालू आहे.”

“बरं,” ते म्हणाले.

त्यांनी फाटकाजवळची अर्धी वीट उचलली. अँबॅसॅडरच्या पुढच्या दाराला एक लहान तिकोनी काच असते. ती नेमकी हेरून त्यांनी फोडली. मोठ्या काचेला त्यांनी धक्का लावला नाही. आत हात घालून खटका उघडला. कोपरापासून मनगटापर्यंत हात चिरला, तो त्यांनी बघितलाही नाही. कुत्र्याला दोन्ही हातांवर उचलून ते सावलीत घेऊन आले.

मी बर्फ आणायला कँटीनकडे निघालो. “बर्फ नगं,” ते म्हणाले. “डेऱ्यातलं पानी बी एकदम नगं. साधं नळाचं आना.” ते पाणी त्यांनी कुत्र्याच्या पोटावर, पंजांवर, कानांमागे हळूहळू ओतलं. मला म्हणाले, “वारा घाला.” माझ्या हातात एक फाईल होती. कुणाची तरी बढती त्यात अडकलेली होती. तिने मी वारा घालत राहिलो. कुत्र्याने डोळे उघडले तेव्हा हवालदारांनी ओंजळीतून दोन घोट पाजले, थांबले, पुन्हा दोन घोट. त्यांच्या हातातलं रक्त पाण्यात उतरत होतं आणि कुत्रं ते चाटत होतं.

कंत्राटदार बाहेर आले तेव्हा कुत्रं बसतं झालं होतं. त्यामुळे त्यांना आधी फुटलेली काच दिसली.

काय बोलणं झालं ते सगळं लिहीत नाही. कंत्राटदार मोठ्याने बोलले, साहेब त्याहून मोठ्याने बोलले. तिसऱ्या दिवशी हवालदारांना मेमो निघाला. अक्षर चांगलं म्हणून तो मलाच लिहावा लागला. ‘कार्यालयात आलेल्या अभ्यागताच्या खाजगी मालमत्तेची हेतुपुरस्सर नासधूस.’ संध्याकाळी हवालदार तोच कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांना मेमोचं उत्तर लिहून हवं होतं.

कचेरी सुटली होती. आम्ही दोघंच होतो. मी लेखणी घेऊन विचारलं, “चावी येईपर्यंत थांबला का नाहीत, असं विचारलंय. काय लिहू?”

हवालदारांनी बांधलेला हात टेबलावर ठेवला.

“पलटनीत माज्याकडं एक कुत्रा हुता,” ते म्हणाले. “मीच शिकीवलेला. आमी पंजाबात हुतो. जेठाचं ऊन. लोखंडी बॉडीची गाडी, त्यात त्येला बांधलं आन् म्हनलं, आलोच. तवर हजेरीची शिट्टी झाली. लायनीत गेलो. सायेब नवा हुता, हजेरी लय लांबली. मला सगळं कळत हुतं. पर हजेरीत बोलत न्हाईत.”

त्यांनी हातावरच्या पट्टीची गाठ पुन्हा आवळली.

“हजेरी बराबर लागली,” ते म्हणाले.

मी विचारलं, “हे लिहू का?”

“लिवू नका. हे उत्तरात नगं. ह्ये तुमाला सांगितलं.”

पडद्याबाहेरच्या बाकाबद्दल त्यांना सांगावं, असं तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक असावं, असं मला आजही वाटतं. उत्तरात आम्ही लिहिलं, ‘कुत्रे मरत होते. काच फोडली. काच लहान होती.’

साहेबांनी उत्तर वाचलं. मेमो आणि उत्तर शेजारी-शेजारी ठेवून माझ्याकडे बघितलं. अक्षर एकच होतं. मग ते हवालदारांना एवढंच म्हणाले, “पाच मिनिटं थांबता आलं नसतं?”

“एकदा थांबलोय, सायेब,” हवालदार म्हणाले.

साहेबांना ते कळायचं कारण नव्हतं. शिक्षा म्हणून सर्व्हिस बुकात लेखी ताकीद चढली आणि हवालदारांची फाटकावरून रेकॉर्ड रूमला बदली झाली. तिथे ऊन येत नसे आणि गाडी तर येणंच शक्य नव्हतं. ते तिथे निमूट बसत आणि जुनी बासनं झटकत. आवारातल्या गाड्या दुपारी मी बघून येऊ लागलो. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी थट्टा झाली, ती चार दिवसांत संपली.

पावसाळ्याच्या तोंडाला सांगलीचे कंत्राटदार पुन्हा आले. या वेळी एकटेच. काम आटोपल्यावर माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, “तो तुमचा माणूस कुठं असतो आता?” मी त्यांना रेकॉर्ड रूमपर्यंत नेलं आणि परत आलो. अर्ध्या तासाने ते बाहेर पडले आणि सरळ गाडीत बसले.

मी हवालदारांना विचारलं, “माफी मागितली का?”

“न्हाई.”

“मग काय बोलणं झालं एवढं?”

“मी कुत्र्याचं नाव इचारलं,” हवालदार म्हणाले. “ते त्यांनी सांगितलं. मग त्येचंच बोलत बसले.”

पुढे दोन वर्षांनी हवालदार निवृत्त झाले आणि माझी बदली सांगलीला झाली. कोरेगावजवळच्या त्यांच्या गावी यायचं मी कबूल केलं होतं. माणूस कबूल करतो तसंच. ते गेल्याचं मला साताऱ्याच्या एका सहकाऱ्याच्या पत्रातून कळलं, तेही महिनाभराने. मग मात्र मी रजा टाकली, गाडीने कोरेगावला उतरलो आणि तिथून चालत निघालो. मेचा महिना होता. पोचलो तेव्हा दुपार झाली होती.

त्यांच्या पत्नीने दार उघडलं. मी कोण ते सांगितलं. “व्हय, तुमचं नाव घ्यायचे,” त्या म्हणाल्या आणि मला पाणी द्यायला आत वळल्या. मी सोप्यात पाऊल टाकलं आणि थबकलो. सारवलेल्या गार जमिनीवर सहा-सात गावठी कुत्री पसरली होती. एकाही कुत्र्याने मान वर केली नाही. बाई त्यांच्यामधून सवयीने पाय टाकत तांब्या घेऊन आल्या.

“तुमची आहेत?” मी विचारलं.

“आमची कुठली? त्यांनी घरात कवा कुत्रं पाळू दिलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “कुनाचीच न्हाईत ही. ऊन उतरलं की जात्यात.”

ऊन उतरायला अजून तीनएक तास होते. बसायला जागा हवी होती. मी एका तांबड्या कुत्र्याला जरा सरकवलं आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो.